टायरमधील हवा, सूचक दिवा आणि उत्तरदायित्वाचा प्रश्न : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारीच्या चालकासमोरील फलकावर टायरच्या छेदाची एक पिवळी आकृती असते आणि तिच्या मध्यभागी उद्गारचिन्ह असते. हा दिवा लागला की चालकाने गाडी थांबवून टायरमधील हवा तपासावी, अशी अपेक्षा असते. आलिशान एसयूव्ही वापरणारे अनेक मालक मात्र या दिव्याने हैराण झालेले दिसतात. हवा भरूनही दिवा विझत नाही, सकाळी लागतो आणि दुपारी आपोआप मालवतो, नवे टायर घातल्यावर लुकलुकू लागतो. या तक्रारींचे निरसन सामान्यतः तंत्रज्ञाकडे सोपवले जाते. परंतु हा दिवा कोणत्या दाबाला लागावा, किती मिनिटांत लागावा, लुकलुकावा की स्थिर राहावा, या प्रत्येक बाबीमागे एक राजकीय व न्यायालयीन इतिहास आहे. तो इतिहास मुख्यतः अमेरिकेत घडला आणि त्याच्या केंद्रस्थानी एक एसयूव्हीच होती. प्रस्तुत लेखात त्या इतिहासाचा मागोवा घेऊन, सदोष वस्तूची जबाबदारी उत्पादकाकडून वापरणाऱ्याकडे कशी सरकत गेली, या प्रश्नाचा विचार केला आहे.

डोळ्यांच्या परीक्षेकडून यंत्राच्या परीक्षेकडे

हवा भरलेल्या टायरची कल्पना स्कॉटिश अभियंता रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये पेटंट म्हणून नोंदवली. त्या काळी तिला बाजारपेठ नव्हती. १८८८ मध्ये बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने तीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली आणि सायकलच्या लोकप्रियतेमुळे ती यशस्वी झाली. थॉमसनचे पेटंट आधीचे असल्यामुळे डनलॉपचे पेटंट पुढे रद्द ठरले. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखवली. वाटेत पंक्चरांनी त्यांना पुरते बेजार केले, तरी मोटार हवेवर धावू शकते हे सिद्ध झाले. याच दशकात ऑगस्ट श्रेडर याच्या कारखान्याने तयार केलेला व्हॉल्व्ह आजही जवळजवळ प्रत्येक मोटारीच्या चाकात आढळतो. गेल्या शतकात मोटारीचे बहुतेक सर्व भाग बदलले. व्हॉल्व्हचे हे छोटे टोक मात्र फारसे बदललेले नाही.

हवेचा दाब मोजण्याचे साधे मापक विसाव्या शतकाच्या आरंभापासून उपलब्ध होते. प्रत्यक्षात बहुतेक चालक डोळ्यांवरच विसंबत. टायरच्या बाजू फुगलेल्या दिसल्या की हवा कमी आहे, असा सरळ हिशेब होता. ट्रकचालक आजही टायरवर लोखंडी दांडा वा टॉमी आपटून आवाजावरून अंदाज घेतात. जुन्या पद्धतीच्या, म्हणजे आडव्यातिडव्या धाग्यांच्या टायरच्या बाबतीत डोळ्यांची ही परीक्षा बऱ्यापैकी विश्वसनीय होती. १९४६ मध्ये मिशेलिन कंपनीने रेडियल टायरचे पेटंट घेतले आणि १९७० च्या दशकात अमेरिकेतही त्याचा प्रसार झाला, तेव्हा या परीक्षेचा पायाच निखळला. रेडियल टायरच्या बाजू लवचिक असतात आणि योग्य दाबालाही त्या किंचित फुगलेल्या दिसतात. ३५ पौंड प्रति चौरस इंच दाबाचा आणि २६ पौंड दाबाचा टायर शेजारी ठेवले, तर अनुभवी माणसालाही फरक खात्रीने सांगता येईलच असे नाही.

ही बाब दिसते त्याहून गंभीर आहे. टायर वजन पेलतो तो रबराच्या बळावर कमी आणि आतील हवेच्या बळावर अधिक. हवा कमी झाली की प्रत्येक फेऱ्यासोबत टायर अधिक दबतो व उलगडतो, या हालचालीतून उष्णता निर्माण होते आणि रबर व पोलादी पट्टे यांचे बंध शिथिल होऊ लागतात. हे सर्व डोळ्यांआड घडते. वरून दिसणारा तळ शाबूत असताना आतील पट्टे सुटत जातात आणि एखाद्या उष्ण दुपारी, वेगात, संपूर्ण तळ सालीसारखा सोलून निघतो.

चाक फिरत असतानाच दाब मोजून चालकाला कळवणारी यंत्रणा प्रथम अतिशय महागड्या मोटारींत आली. १९८६ च्या पोर्शे ९५९ या मोटारीत ती होती. १९९७ मध्ये आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेटच्या पाचव्या पिढीत हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे टायर देऊन राखीव चाक काढून टाकण्यात आले होते. अशा टायरमधील हवा गेल्याचे चालकाला जाणवतच नाही, म्हणून दाबसूचक यंत्रणा अपरिहार्य ठरली. राखीव चाक गेले की सूचक दिवा येतो, हे नाते पुढे भारतीय नियमांतही दिसेल. या पहिल्या टप्प्यात यंत्रणा ही हौशी ग्राहकाची चैन होती. ती सक्तीची व्हावी यासाठी शेकडो मृत्यू घडावे लागले.

फोर्ड एक्स्प्लोरर आणि फायरस्टोन

फोर्ड आणि फायरस्टोन या दोन घराण्यांचे संबंध मोटारयुगाच्या आरंभापासूनचे होते. हेन्री फोर्ड याने १९०६ मध्ये हार्वे फायरस्टोनकडून टायर घेण्यास सुरुवात केली. दोघांची मैत्री जगजाहीर होती आणि १९४७ मध्ये दोन्ही घराण्यांत सोयरीकही झाली. १९८८ मध्ये जपानच्या ब्रिजस्टोन कंपनीने फायरस्टोन विकत घेतली, तरी फोर्डशी असलेला व्यवहार चालू राहिला. त्याआधी १९७८ मध्ये ‘फायरस्टोन ५००’ या रेडियल टायरचा तळ सुटण्याच्या तक्रारींमुळे कंपनीला सुमारे १ कोटी ४० लाख टायर माघारी घ्यावे लागले होते. त्या घटनेतून उद्योगाने व शासनाने किती बोध घेतला, हे पुढील वीस वर्षांनी दाखवून दिले.

१९९० मध्ये बाजारात आलेली फोर्ड एक्स्प्लोरर ही अमेरिकेतील मध्यमवर्गीय कुटुंबाची गाडी ठरली. मोटारसारखी सुखसोय आणि ट्रकसारखी उंची, असा तिचा थाट होता. कायद्याच्या दृष्टीने ती ‘हलका ट्रक’ या वर्गात मोडत असे. उंच गुरुत्वमध्यामुळे अशा गाड्या उलटण्याचा धोका नेहमीच्या मोटारीपेक्षा अधिक असतो. फायरस्टोन कंपनीने या टायरसाठी ३० पौंड दाब सुचवला होता, तर फोर्डने गाडीच्या दारावरील पट्टीवर २६ पौंड दाब छापला. कमी दाबामुळे प्रवास मऊ होतो आणि वळणावर रस्त्यावरील पकड कमी झाल्याने गाडी उलटण्याआधी घसरते. गाडीच्या स्थिरतेच्या चाचण्यांत आढळलेल्या उणिवांवर दाब कमी करणे हा एक उपाय म्हणून विचारात घेतला गेला होता, हे कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांतून नंतर उघड झाले. म्हणजे गाडीच्या रचनेतील दोषाचा भार टायरमधील हवेवर टाकण्यात आला. प्रस्तुत अभ्यासाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे, कारण दारावरील पट्टीवर छापलेला हाच दाब पुढे सूचक दिव्याचा आधार ठरला.

१९९८ मध्ये स्टेट फार्म या विमा कंपनीतील संशोधक सॅम बॉयडन यांच्या ध्यानात आले की फायरस्टोनच्या एका विशिष्ट टायरचा तळ सुटून झालेल्या अपघातांचे दावे एकामागून एक येत आहेत. अशी २१ प्रकरणे त्यांनी राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनास कळवली. प्रशासनाने त्याची दखल घेतली नाही. १९९९ मध्ये फोर्डने आखाती देशांतील ग्राहकांना टायर बदलून दिले आणि २००० मध्ये व्हेनेझुएलातही हीच पावले उचलली गेली. अमेरिकेतील ग्राहकाला मात्र काहीच सांगण्यात आले नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टन येथील एका दूरचित्रवाणी केंद्राने या अपघातांवर वृत्तांत प्रसारित केला, त्यानंतर प्रशासनाकडे तक्रारींचा ओघ सुरू झाला आणि मे महिन्यात अधिकृत चौकशीस आरंभ झाला. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने ६५ लाख टायर माघारी घेण्याची घोषणा केली. रिकॉलनंतर फोर्डनेही शिफारशीचा दाब ३० पौंडांवर नेला. या टायरांशी संबंधित मृत्यूंचा आकडा अमेरिकेत २००१ च्या अखेरीस सुमारे २७० वर पोहोचला होता.

दोष कोणाचा, यावर दोन्ही कंपन्यांनी परस्परविरोधी युक्तिवाद केले. एक्स्प्लोररलाच बसवलेल्या गुडइयर टायरांना असा त्रास झाला नाही, तेव्हा दोष टायरचा आहे, असे फोर्डचे म्हणणे होते. हेच टायर अन्य गाड्यांवर एवढे निकामी झाले नाहीत, तेव्हा दोष गाडीचा आहे, असे फायरस्टोनचे म्हणणे होते. या दोन बोटांच्या शेजारी तिसरे बोट हळूच चालकाकडे वळले. मालकांनी टायरमधील हवा वेळोवेळी तपासली नाही, हा सूर फायरस्टोनच्या खुलाशांत वारंवार उमटला. २१ मे २००१ रोजी फायरस्टोनने फोर्डशी असलेला सुमारे ९५ वर्षांचा व्यवहार संपुष्टात आणला. दुसऱ्याच दिवशी फोर्डने आपल्या खर्चाने आणखी १ कोटी ३० लाख टायर बदलण्याचे जाहीर केले.

ऑक्टोबर २००१ मध्ये सुरक्षा प्रशासनाने आपले निष्कर्ष मांडले. विशिष्ट काळात बनलेल्या टायरांच्या पोलादी पट्ट्यांच्या कडेजवळील रचनेत व रबराच्या बळकटीत उणीव होती, असे त्यांचे सार होते. सदोष टायरांपैकी बरेचसे इलिनॉय राज्यातील डिकेटर येथील कारखान्यातले होते. या कारखान्यात १९९४ मध्ये मोठा संप झाला होता आणि कंपनीने संपकऱ्यांच्या जागी अन्य कामगार नेमले होते. ॲलन क्रूगर व अलेक्झांडर मास या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संप व त्यानंतरच्या तणावाच्या काळात तिथे बनलेले टायर अधिक प्रमाणात निकामी झाल्याचे दाखवून दिले. विशेष म्हणजे बदली कामगार आणि परतलेले जुने कामगार शेजारी काम करू लागले, त्या काळातील टायरांतही हा दोष ठळक होता. टायरच्या इतिहासात कामगार चळवळीचा हा अध्याय क्वचितच वाचला जातो.

तेव्हा कारणांची यादी अशी होते : गाडीची उंची, दारावर छापलेला कमी दाब, पट्ट्यांची रचना, कारखान्यातील असंतोष, शासकीय दिरंगाई आणि शेवटी, काही प्रमाणात, चालकाचे दुर्लक्ष. १ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ‘ट्रेड’ कायद्यावर स्वाक्षरी केली. घोषणा ते कायदा हा प्रवास तीन महिन्यांच्या आत पूर्ण झाला होता. दोषांची माहिती शासनाला वेळेवर देण्याची सक्ती आणि टायरच्या चाचणीचे नवे निकष यांबरोबरच, टायरमधील दाब लक्षणीय प्रमाणात घटल्यास चालकाला इशारा देणारी यंत्रणा प्रत्येक नव्या गाडीत असावी, असे या कायद्याने ठरवले. हे तीनही उपाय आवश्यक होते, यात शंका नाही. परंतु सामान्य माणसाच्या रोजच्या अनुभवात त्यांपैकी एकच उतरला आणि तो नेमका चालकाला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देणारा आहे.

‘एक टायर’ म्हणजे किती?

दाब मोजण्याच्या दोन पद्धती त्या वेळी उपलब्ध होत्या. पहिल्या, प्रत्यक्ष पद्धतीत प्रत्येक चाकाच्या आत, बहुधा व्हॉल्व्हच्याच बुडाशी, एक सेन्सर बसवतात. तो दाब व तापमान मोजून रेडिओ लहरींद्वारे गाडीतील संगणकास कळवतो. दुसऱ्या, अप्रत्यक्ष पद्धतीत दाब मोजलाच जात नाही. हवा कमी झालेल्या टायरची त्रिज्या किंचित घटते, त्यामुळे तेवढ्याच अंतरात तो इतरांपेक्षा अधिक फेरे घेतो. ब्रेक अडकू नयेत यासाठी असलेल्या एबीएस यंत्रणेचे चाकवेगमापक हा फरक टिपतात. ही पद्धत स्वस्त पडते. तिची मर्यादा उघड आहे : चारही टायर सारखेच मऊ झाले तर तुलनेला आधारच उरत नाही. मालकाने सहा महिने हवाच भरली नाही, तर घडते नेमके तेच.

सुरक्षा प्रशासनाने फेब्रुवारी २००१ मध्ये पेट्रोल पंपांवर अकरा हजारांहून अधिक वाहनांची पाहणी करवली. मोटारी व हलके ट्रक या दोन्ही वर्गांत चारांतील एकाहून अधिक वाहनांचा निदान एक टायर निर्धारित दाबापेक्षा २५ टक्के वा त्याहून अधिक मऊ आढळला. प्रशासनाचा पहिला कल चारही टायरांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेकडे होता. फेब्रुवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील अर्थसंकल्प कार्यालयाने तो मसुदा परत पाठवला. अप्रत्यक्ष पद्धतीस मुभा दिल्यास उत्पादक अधिक गाड्यांत एबीएस बसवतील आणि त्यातून अधिक जीव वाचतील, असा त्या कार्यालयातील अधिकारी जॉन ग्रॅहम यांचा युक्तिवाद होता. जून २००२ च्या नियमात मग उत्पादकांना दोन पर्याय देण्यात आले : चारही टायरांवर लक्ष ठेवून २५ टक्के घटीला इशारा देणे, किंवा कोणताही एक टायर ३० टक्के घटल्यावर इशारा देणे.

‘पब्लिक सिटिझन’ या ग्राहक संघटनेने अन्य दोन संस्थांसह या नियमास न्यायालयात आव्हान दिले. त्यावरील ६ ऑगस्ट २००३ चा निकाल भाषेच्या अभ्यासकांनीही वाचण्याजोगा आहे. कायद्यात ‘टायर’ या शब्दामागे इंग्रजीतील अनिश्चित उपपद होते. त्याचा अर्थ ‘एखादाच टायर’ असा घ्यावयाचा की ‘कोणताही टायर, मग ते एक असोत वा चार’ असा, हा वादाचा मुद्दा बनला. मराठीत असे उपपदच नसल्याने हा पेच आपल्या कायदेलेखनात कदाचित उद्भवलाही नसता. न्यायालयाने दुसरा अर्थ ग्राह्य धरला आणि एका टायरचा पर्याय कायद्याशी विसंगत व मनमानी ठरवून नियम रद्द केला. अशा यंत्रणा सुमारे निम्म्या प्रसंगी चालकाला इशाराच देणार नाहीत, हे शासनाच्याच नोंदीवरून दिसत होते. एबीएसचा लाभ हा वेगळा विषय असून या कायद्याचा तो हेतू नव्हता, हेही स्पष्ट झाले.

८ एप्रिल २००५ रोजी नवा नियम, म्हणजे सुरक्षा मानक क्रमांक १३८, जाहीर झाला. चार टायरांपैकी एक वा अधिक टायर निर्धारित दाबाच्या २५ टक्के खाली गेल्यास २० मिनिटांच्या आत पिवळा दिवा लागला पाहिजे आणि यंत्रणाच बिघडल्यास तेही चालकास कळले पाहिजे, असे त्यात ठरले. ऑक्टोबर २००५ पासून टप्प्याटप्प्याने अंमल सुरू होऊन १ सप्टेंबर २००७ पासून तो सर्व नव्या हलक्या वाहनांना लागू झाला. या नियमालाही आव्हान मिळाले. या वेळी पब्लिक सिटिझनसोबत काही टायर कंपन्याही याचिकाकर्त्या होत्या, ही युती मोठी गमतीची म्हणावी लागेल. २० मिनिटे हा अवधी फार आहे आणि टायर बदलल्यानंतरच्या कामगिरीची हमी नियमात नाही, हे त्यांचे प्रमुख आक्षेप होते. २००८ पर्यंत या याचिका दाद मागण्याच्या अधिकाराच्या मुद्द्यावर निकाली निघाल्या. आक्षेपांच्या गुणवत्तेचा निर्णय झालाच नाही.

२५ टक्क्यांच्या या निकषाची मूळ प्रकरणाशी पडताळणी केली तर एक विसंगती समोर येते. एक्स्प्लोररच्या दारावर छापलेल्या २६ पौंडांचे २५ टक्के वजा केले असता साडेएकोणीस पौंड उरतात. नियमातील किमान मर्यादा धरली, तर अशा टायरसाठी दिवा २० पौंडांच्या सुमारास लागेल. टायर कंपनीने सुचवलेल्या ३० पौंडांच्या तुलनेत ही घट एक तृतीयांश आहे. म्हणजे ज्या गाडीमुळे हा नियम जन्मास आला, त्याच गाडीत हा दिवा असता तरी २१ वा २२ पौंड दाबावर भर उन्हात महामार्गावरून जाणाऱ्या कुटुंबाला त्याने काहीही सांगितले नसते. पट्ट्यांच्या रचनेतील दोष तर कोणत्याही दाबमापकाला दिसणारा नव्हताच.

दिव्याचे वाचन

आजच्या आलिशान एसयूव्हीचा मालक ज्या तक्रारी करतो, त्यांपैकी बहुतेकांचे उत्तर या नियमांच्या व भौतिकशास्त्राच्या सरमिसळीत सापडते. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांतील भेद हे निदानाचे पहिले पाऊल होय. दिवा लागून स्थिर राहिला, तर टायरमध्ये हवा कमी आहे. गाडी सुरू केल्यावर दिवा सुमारे एक ते दीड मिनिट लुकलुकून मग स्थिर झाला, तर यंत्रणेतच बिघाड आहे आणि हवा भरून काही साधणार नाही. हा भेद मानक क्रमांक १३८ मध्येच लिहिलेला आहे. तरीही असंख्य मालक लुकलुकत्या दिव्यासाठी पुन्हा पुन्हा हवा भरत राहतात आणि टायर गरजेपेक्षा कडक करून बसतात.

सकाळी लागून दुपारी मालवणारा दिवा हा बिघाड नव्हे. ३५ पौंड हा निर्धारित दाब असलेल्या गाडीत दिवा सुमारे २६ पौंडांना लागतो. टायरमधून महिन्याला साधारण एक पौंड हवा नैसर्गिकपणेच झिरपते. अशा रीतीने एखादा टायर ३० अंश सेल्सिअस तापमानाला २९ पौंडांवर आला आणि पहाटे पारा १० अंशांवर उतरला, तर वायूच्या नियमानुसार दाब आणखी तीन पौंड घटून नेमका २६ च्या आसपास येतो. दिवा लागतो. गाडी काही किलोमीटर धावली वा ऊन चढले की टायर तापतो, दाब वाढतो आणि दिवा मालवतो. मालक निश्चिंत होतो. वास्तविक टायर आदल्या दिवशीही मऊच होता. म्हणूनच दाब थंड टायरवर मोजावा, हा जुना नियम सेन्सरच्या युगातही कायम आहे.

मोठ्या एसयूव्हीत आणखी काही गुंतागुंती असतात. पुढच्या व मागच्या चाकांचे निर्धारित दाब अनेकदा वेगवेगळे असतात, त्यामुळे टायरांची अदलाबदल केल्यावर कोणता सेन्सर कोठे आहे हे संगणकाला पुन्हा शिकवावे लागते. काही गाड्यांत राखीव चाकातही पाचवा सेन्सर असतो. चारही चाके तपासून थकलेल्या मालकाला गाडीच्या पोटाखाली टांगलेल्या स्टेपनीची आठवण शेवटी होते. सेन्सरमधील लिथियम बॅटरी साधारण सात ते दहा वर्षे टिकते. ती रसायनात बंदिस्त असल्याने बदलता येत नाही, संपूर्ण सेन्सरच बदलावा लागतो, आणि चारही सेन्सर एकाच दिवशी बसवलेले असल्याने ते थोड्याफार अंतराने एकापाठोपाठ निकामी होतात. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधी पितळी पिन घातल्यास दोन धातूंच्या संयोगाने गंज चढतो आणि पुढच्या वेळी हवा भरताना व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. पंक्चर बुजवण्यासाठी ओतलेला डिंकासारखा द्रव सेन्सरचे छिद्र बुजवतो. टायर रिमवरून उतरवताना लोखंडी पट्टी नेमकी व्हॉल्व्हजवळ घातली, तर सेन्सर फुटतो. ही शेवटची चूक सर्वांत जास्त वेळा घडते आणि ती टाळणे सर्वांत सोपे आहे.

या यंत्रणेने पंक्चरवाल्याच्या पिढीजात कसबाला कायद्याच्या कक्षेत आणले, याकडेही लक्ष वेधले पाहिजे. अमेरिकेत चालू स्थितीतील सुरक्षा उपकरण निकामी करण्यास दुरुस्ती व्यावसायिकांना मनाई आहे. सेन्सर आधीच मृत असेल तर त्या जागी साधा रबरी व्हॉल्व्ह बसवता येतो काय, असा प्रश्न टायर व्यावसायिकांच्या संघटनेने उपस्थित केला. आधीच बंद पडलेली वस्तू दुरुस्ती करणाऱ्याने निकामी केली असे म्हणता येत नाही, असा खुलासा सुरक्षा प्रशासनाने २०११ मध्ये केला. त्यामुळे टायर उतरवण्यापूर्वीच प्रत्येक सेन्सर जिवंत आहे की नाही हे तपासून नोंदवणे, ही दुरुस्ती व्यावसायिकाची स्वसंरक्षणाची गरज बनली.

प्रत्येक सेन्सर आपला स्वतंत्र क्रमांकही प्रसारित करीत असतो. हा संदेश सांकेतिक नसतो. रटगर्स व साउथ कॅरोलायना विद्यापीठांतील संशोधकांनी २०१० मध्ये जवळून जाणाऱ्या मोटारीचे हे संदेश ४० मीटरपर्यंतच्या अंतरावरून टिपून दाखवले आणि खोटे संदेश पाठवून धावत्या गाडीतील दिवाही लावून दाखवला. सुरक्षेसाठी सक्तीने बसवलेले उपकरण मालकाच्या हालचालींचा माग काढण्यासही उपयोगी पडू शकते, याचा विचार २००० च्या घाईत झालेला नव्हता.

यंत्रणेचा लाभ झाला नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. प्रशासनाने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात २००४ ते २००७ च्या मॉडेलांपैकी ही यंत्रणा असलेल्या गाड्यांत टायर अति मऊ असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्क्यांनी कमी आढळली. हा परिणाम मोठा आहे. एका दिव्याकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

भारतीय संदर्भ

युरोपीय संघाने २००९ च्या विनियमाद्वारे ही यंत्रणा नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची केली. तेथे सुरक्षेइतकाच इंधनबचत व प्रदूषणनियंत्रण हा हेतू होता आणि इशाऱ्याची मर्यादाही २० टक्के, म्हणजे अमेरिकेपेक्षा कडक ठेवण्यात आली. भारतात ही यंत्रणा वेगळ्याच दाराने आली. जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीने, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, दुरुस्ती संच आणि दाबसूचक यंत्रणा असल्यास राखीव चाक देण्याचे बंधन १ ऑक्टोबर २०२० पासून शिथिल केले. यंत्रणा स्वतः सक्तीची झाली नाही. ती उत्पादकाला मिळणाऱ्या सवलतीची अट बनली. तिचे निकष एआयएस-१५४ या मानकात असून ही मानकमाला पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमार्फत प्रसिद्ध होते. २६ पौंड दाबाची पट्टी लावून फोर्डने साधलेली सोय आणि स्टेपनी काढून आजच्या उत्पादकाने साधलेली सोय यांची जातकुळी एकच नाही. तरीही दोन्हींत चालकावरील भिस्त वाढते, हे नोंदवणे भाग आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न समृद्धी महामार्गाच्या निमित्ताने चर्चेत आला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यावर तेथील अपघातांमागे टायर फुटणे हे कारण वारंवार सांगितले जाऊ लागले. १ जुलै २०२३ रोजी बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ खासगी प्रवासी बस उलटून पेटली व २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. तेव्हा चालकाने टायर फुटल्याचे सांगितले होते. प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या प्राथमिक पाहणीत मात्र टायर फुटल्याच्या खुणा आढळल्या नाहीत. एक्स्प्लोरर प्रकरणात टायरचा दोष चालकावर ढकलला गेला, तर येथे दोष टायरवर ढकलण्यात आला. महामार्गाच्या प्रवेशद्वारांवर गुळगुळीत टायर असलेल्या वाहनांना रोखण्याची मोहीम परिवहन विभागाने त्याच वर्षी हाती घेतली. राखीव चाकासंबंधीची २०२० ची तरतूद मात्र साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारींपुरतीच आहे. या महामार्गावरून धावणारे मालवाहू ट्रक आणि खासगी बसगाड्या तिच्या कक्षेत येत नाहीत.